पेंडिंग

घोरावाडीला उतरणारी माणसं मोजकीच. लोणावळा लोकलने बेगडेवाडी सोडली की दोन-चार जण दाराकडे सरकतात, बाकीचा डबा तळेगावची वाट बघत निवांत बसून राहतो. मी इथे भाड्याच्या खोलीत राहतो. एक म्हणजे भाडं परवडतं, आणि दुसरं म्हणजे घोराडेश्वरचा डोंगर जवळ आहे. जुनी बौद्ध लेणी, त्यातच महादेव, आणि रविवारी सकाळी चढून गेलं की आठवडाभराचा स्क्रीन डोळ्यांतून उतरतो. लांब पल्ल्याच्या गाड्या इथे थांबत नाहीत. पुण्याहून सव्वासातला सुटलेली डेक्कन क्वीन प्लॅटफॉर्म हादरवत निघून जाते आणि आम्ही आपले लोकलची वाट बघत उभे.

फेब्रुवारी 2023 मधल्या अशाच एका सकाळी, मी शिवाजीनगरच्या ऑफिसला निघालेलो असताना, मामांचा फोन आला. मामा फोन करत नाहीत, मिस कॉल देतात. पूर्ण रिंग वाजतेय म्हणजे काहीतरी बिनसलंय.

"गाडी आली नाय," मामा म्हणाले. "तीन वाजल्यापासून रस्त्याला उभा हाय. तुझ्या अ‍ॅपवर तर हिरवं आलं व्हतं."

माझं अ‍ॅप. हे मीच त्यांना सांगितलं होतं, दिवाळीत, त्यांच्या हातातून फोन घेऊन स्वतः टाकून देत: "मामा, हे आमच्या कंपनीचं आहे, यातली गाडी नोंदवायची स्क्रीन मी केलीय. आता कुणाच्या पाया पडायला नको."

मामांचं गुलाबाचं पॉलिहाऊस आहे, पवन मावळात. मावळातला गुलाब व्हॅलेंटाइन डेसाठी परदेशात जातो, हे बातम्यांत दरवर्षी येतं. बातमीत येत नाही ते असं की त्या दोन-तीन आठवड्यांसाठी डिसेंबरपासून झाडं तयार करावी लागतात, आणि तोडलेलं फूल कुणासाठी थांबत नाही. निर्यातीच्या प्रतीत न बसलेला माल गुलटेकडीच्या मार्केट यार्डात जातो. त्या दिवशी मामांचे साठ बंच तयार होते. एका बंचात वीस फुलं, म्हणजे बाराशे. शेवटी त्यांनी ते एका दुधाच्या टेम्पोत टाकून तळेगावपर्यंत नेले, तिथून दुसरी गाडी केली. माल पोचला तेव्हा बाजार उरकत आला होता. दोन दिवसांनी आडत्याची पट्टी आली. ती मामांनी मला दाखवली नाही. मामींनी दाखवली.

आता ती हिरवी खूण कुठून आली, ते सांगतो. त्यासाठी थोडं तांत्रिक सांगावं लागेल. कोडिंग येत नसेल तरी वाचा, अवघड नाही.

जावास्क्रिप्टला हात एकच. ही भाषा ब्रेंडन आइकने 1995 मध्ये नेटस्केपसाठी दहा दिवसांत उभी केली आणि आज तुमच्या फोनमधली निम्मी दुनिया तिच्यावर चालते, पण मुळात ती एका वेळी एकच काम करते. वडापावच्या गाडीवरच्या माणसासारखं. तो वडे तेलात सोडतो, पण ते तळून होईपर्यंत कढईकडे टक लावून बसत नाही. तेवढ्यात दुसऱ्याचे सुटे पैसे देतो, पाव कापतो. वडे झाले की पुन्हा कढईकडे. सर्व्हरला काही विचारणं हे तळणासारखं असतं: आत्ता सोडलं, उत्तर नंतर येणार. त्या 'नंतर'ला धरून ठेवायला जी वस्तू मिळते, तिचं नाव प्रॉमिस. शब्द जुना आहे. फ्रीडमन आणि वाइज या दोघांनी तो 1976 मध्ये वापरला होता, 1988 मध्ये बार्बरा लिस्कोव्ह आणि ल्युबा श्रीरा यांनी त्यावर एक महत्त्वाचा पेपर लिहिला, आणि जावास्क्रिप्टच्या अधिकृत नियमांत प्रॉमिस आलं ते 2015 मध्ये. प्रॉमिसच्या अवस्था तीन: पेंडिंग, फुलफिल्ड, रिजेक्टेड. वाट बघतोय, पाळलं, मोडलं. एकदा पाळलं किंवा मोडलं की त्यात बदल नाही.

त्याच 2015 मध्ये डॅन अब्रामोव्ह आणि अँड्र्यू क्लार्क यांनी रिडक्स आणलं. रिडक्सची कल्पना कुठल्याही किराणा दुकानदाराला पटेल अशी आहे. अ‍ॅपची सगळी माहिती एकाच वहीत. वहीत परस्पर कुणी लिहायचं नाही. काही घडलं की चिठ्ठी पाठवायची, 'असं असं झालं'. चिठ्ठीला म्हणतात अ‍ॅक्शन. आत एक कारकून बसलेला असतो, त्याला म्हणतात रिड्यूसर. तो वहीचं जुनं पान बघतो, चिठ्ठी वाचतो आणि नवं पान लिहितो. कारकुनाला एक सक्त नियम: जागेवरून उठायचं नाही. फोन करायचा नाही, घड्याळ बघायचं नाही, बाहेर जाऊन चौकशी करायची नाही. तेच पान आणि तीच चिठ्ठी दिली तर उत्तर दर वेळी तेच यायला हवं.

मग सर्व्हरला विचारायचं कुणी? दारात बसलेल्याने. तो म्हणजे मिडलवेअर. प्रत्येक चिठ्ठी त्याच्या हातून आत जाते. तो ती तशीच पुढे सोडू शकतो, अडवू शकतो, एकाच्या दोन करू शकतो. नवशिके त्याच्या त्या एकात एक तीन फंक्शनांना बिचकतात. मीही कॉलेजच्या शेवटच्या वर्षी बिचकलो होतो, आणि मग जमल्यावर तो आपला सर्वात मोठा पराक्रम आहे असं मला वाटायला लागलं. त्या वाटण्यातूनच पुढचं झालं.

अशा मिडलवेअरच्या तयार लायब्रऱ्या आहेत. अँड्र्यू क्लार्कची रिडक्स-प्रॉमिस साधी: चिठ्ठीत प्रॉमिस दिसलं तर थांबायचं, उत्तर आलं की ते घालून चिठ्ठी आत सोडायची. मधल्या काळाबद्दल ती काहीच बोलत नाही. दुसरी आहे रिडक्स-प्रॉमिस-मिडलवेअर. ती एका चिठ्ठीच्या दोन करते. पहिली लगेच जाते, तिच्यावर पेंडिंग असा शिक्का. दुसरी नंतर, फुलफिल्ड किंवा रिजेक्टेड यांपैकी एक शिक्का मारून. आज रिडक्स टूलकिट वापरलं तर हे तीन शिक्के आपोआप मिळतात. म्हणजे कारकुनाला तीन वेळी तीन वेगळी पानं लिहिता येतात आणि बघणाऱ्याला नेमकं काय चाललंय ते दिसतं.

मी यातलं काहीच वापरलं नाही. स्वतःचं लिहिलं. पंचवीसेक ओळींचं, आणि दिसायला फार सुबक. त्या वेळी आमच्या बैठकांमध्ये एक वाक्य सतत ऐकू यायचं: युजरला वाट बघायला आवडत नाही. म्हणून मी 'ऑप्टिमिस्टिक' पद्धत घेतली. बटण दाबलं की सर्व्हरच्या उत्तराची वाट न बघता यशाची चिठ्ठी आत. स्क्रीन लगेच हिरवी: 'गाडी नोंदवली'. खरी विनंती मागून सावकाश जाईल. या पद्धतीत मुळात वाईट काही नाही. इन्स्टावर बदाम दाबला की तो लगेच लाल होतो, ते असंच. विनंती फसली तर बदाम परत पांढरा करायचा, कुणाचं काही बिघडत नाही. पण परत पांढरा करायचा भाग लिहावा लागतो. मी तिथे एरर पकडली आणि ती कन्सोलवर छापायची एक ओळ टाकली. 'नंतर बघू' अशी कमेंटही नव्हती.

फोनवरच्या जावास्क्रिप्टचा कन्सोल कोण बघतं? कुणीच नाही. गंमत अशी, की मी एरर पकडलीच नसती तर बरं झालं असतं. न पकडलेलं रिजेक्शन आमच्या एरर नोंदवणाऱ्या यंत्रणेने उचललं असतं, कुणाला तरी मेल गेली असती. मी पकडली, म्हणजे बेपत्ता केली. आमच्या डॅशबोर्डवर त्या रात्री सगळं शांत होतं.

मामांच्या पॉलिहाऊसवर नेटवर्क एखादी दांडी. त्यांनी रात्री दहाला बटण दाबलं, हिरवं आलं, फोन खिशात ठेवून ते मालाला लागले. विनंती लटकत राहिली आणि मागाहून कधीतरी मेली. सर्व्हरच्या नोंदीत ती पोचलेलीच नव्हती. मी तेव्हाच्या सगळ्या नोंदी उपसल्या, पण मामांसारखं आणखी किती जणांना हे खोटं हिरवं दिसलं, ते कळायला मागे काहीच शिल्लक नव्हतं. हे आकडे आजही माझ्याकडे नाहीत. मामांनी फोन केला कारण मी त्यांचा भाचा होतो. बाकीच्यांनी अ‍ॅप काढून टाकलं असेल.

त्या रविवारी मी मामांकडे गेलो. माफी मागायला गेलो होतो, पण ते कसं बोलायचं ते सुचेना, म्हणून विचारलं, "अ‍ॅपच्या आधी गाडी कशी ठरवायचा तुम्ही?"

"मिस कॉल," मामा म्हणाले. "रात्री गाडीवाल्याला एक मिस कॉल टाकायचा. त्यानं परत टाकला की येतोय."

"आणि नाही टाकला तर?"

"जेवण हुईस्तवर वाट बघायची. नाय आला तर दुसऱ्याला टाकायचा."

मी गप्प बसलो. विनंती, पोच, मुदत आणि पर्याय, सगळं त्यात होतं, तेही शून्य रुपयांत. निघताना गाडीवाला आणखी एक मिस कॉल देणार, म्हणजे माल भरायला रस्त्यावर या. मार्केट यार्डात माल उतरला की आडत्याचा माणूस फोन करणार. मग पट्टी. पट्टी हातात येईपर्यंत मामा कधीच म्हणत नसत की फुलं विकली. म्हणायचे, "गेल्यात." नुसतं "गेल्यात." वाट बघण्याला त्यांच्याकडे जागा होती, शब्द होता, आणि जेवण होईपर्यंतची मुदत होती. मी हिरव्या रंगाने ती जागाच पुसून टाकली होती.

पेंडिंगची मुदत हा विषय नुसता मामांचा नाही. यूपीआयने पैसे पाठवल्यावर खात्यातून कापले गेले आणि समोरच्याला मिळालेच नाहीत, हा घामाघूम अनुभव तुम्ही घेतला असेलच. रिझर्व्ह बँकेने 20 सप्टेंबर 2019 च्या परिपत्रकात त्याला वेळ घालून दिली: एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पाठवलेले पैसे असे अडकले तर व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत परत आले पाहिजेत, त्यापुढे उशिराच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई. दुकानदाराला केलेल्या पेमेंटला पाच दिवस. मला हे परिपत्रक आवडतं. ते पेंडिंग होणारच नाही असं म्हणत नाही. ते होईल असं धरून चालतं आणि कुणी किती दिवस थांबायचं ते ठरवून देतं. जावास्क्रिप्टच्या प्रॉमिसला अशी मुदत स्वतःहून नसते. ते आयुष्यभर पेंडिंग राहू शकतं, भाषेला त्याचं काही वाटत नाही. मुदत आपण घालायची.

सोमवारी मी ते पंचवीस ओळींचं मिडलवेअर काढून टाकलं. बैठकीत थोडी बाचाबाची झाली, कारण हिरवं उशिरा दाखवणं म्हणजे अ‍ॅप संथ वाटणार. मी पट्टीचा फोटो दाखवला. मामींनी पाठवला होता. त्यानंतर कुणी जास्त बोललं नाही.

नव्या स्क्रीनवर तीन अवस्था आल्या. पिवळ्या अवस्थेत काय लिहायचं यावर मात्र आठवडा गेला. आधी लिहिलं, 'प्रक्रिया सुरू आहे'. मी ते मामांना पाठवलं. त्यांनी विचारलं, "प्रक्रिया म्हंजी?" मला नीट उत्तर देता आलं नाही. अर्ध्या महाराष्ट्राच्या सरकारी खिडक्यांवर हा शब्द आहे आणि त्याचा अर्थ 'उद्या या' एवढाच होतो. शेवटी लिहिलं: 'गाडीवाल्याला विचारतोय. अजून होकार नाही.' दोन मिनिटांची मुदत घातली, आणि त्यानंतर: 'होकार आला नाही. पुन्हा विचारा किंवा फोन करा.' खाली फोनचं बटण. एवढ्यावर मी खूश होतो.

मार्चमध्ये एका शेतकऱ्याच्या दारात दोन गाड्या उभ्या राहिल्या.

झालं असं: त्याची पहिली विनंती सर्व्हरला पोचली होती. गाडी नोंदवली गेली. होकार परत येताना वाटेत हरवला. दोन मिनिटांनी त्याच्या स्क्रीनवर 'होकार आला नाही' आलं, त्याने पुन्हा विचारलं, दुसरी गाडी नोंदवली गेली. फोनच्या दृष्टीने प्रॉमिस मोडलं होतं, सर्व्हरच्या दृष्टीने पाळलं होतं. दोघंही आपापल्या जागी खरं बोलत होते.

हे कोडं संगणकशास्त्रात 1975 पासून लिहिलं जातंय. जिम ग्रे यांनी 1978 मध्ये त्याला दोन सेनापतींचं नाव दिलं. आपल्याकडचं चित्र घ्यायचं तर एक सेनापती लोहगडावर, दुसरा विसापूरवर, मध्ये खिंड, खिंडीत शत्रू. दोघांनी एकाच वेळी हल्ला केला तरच जिंकणार. लोहगडावरून हरकारा निघतो: 'पहाटे.' तो पोचला की नाही, हे लोहगडाला कळणार कसं? विसापूरने पोच पाठवायला हवी. पण ती पोच पोचली, हे विसापूरला कसं कळणार? पोचेची पोच, तिचीही पोच. हरकारे पळत राहतात आणि दोघांनाही पक्की खात्री असा क्षण येतच नाही. असा कुठलाच निर्दोष उपाय असू शकत नाही, हे सिद्ध झालेलं आहे. लोहगडाच्या तटावर उभं राहून समोरचा विसापूर बघताना मला आता पावसाळी ट्रेक आठवत नाही, हे आठवतं. हा माझ्या धंद्याचा तोटा.

म्हणून मुदत संपणं आणि नकार येणं, या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. नकार म्हणजे नकार. मुदत संपली म्हणजे फक्त 'कळलं नाही'. रिजेक्टेड या एका शिक्क्याखाली मी दोन्ही कोंबलं होतं. आता प्रत्येक नोंदणीला फोनवरच एक क्रमांक मिळतो, आणि पुन्हा बटण दाबलं तरी तोच क्रमांक जातो. सर्व्हर म्हणतो, हा आलाय माझ्याकडे आधी, ही घे त्याचीच पोच. गाडी एकच. मुदत संपली तर अ‍ॅप आधी त्या क्रमांकाचं काय झालं ते विचारतं, आणि तेही कळलं नाही तर स्पष्ट लिहितं: 'गाडी नोंदली की नाही ते कळलेलं नाही.' हे वाक्य स्क्रीनवर टाकायला मला फार जड गेलं. चार वर्षं इंजिनिअरिंग करून, एवढी वर्षं नोकरी करून, मोठ्या अक्षरांत 'कळलेलं नाही' लिहायचं. पण त्या वाक्याखालचं फोनचं बटण लोक खरोखर दाबतात.

आणि प्रॉमिस रद्दही करता येत नाही, हे सांगायचं राहिलं. भाषेत तशी सोय आणायचा प्रस्ताव होता, तो 2016 मध्ये मागे घेतला गेला. विनंती वाटेत तोडायला वेगळं साधन आहे, पण जी सर्व्हरला पोचली तिच्यामागे धावता येत नाही. शेतकऱ्याने गाडी रद्द केली तर ती नवी विनंती, नवं प्रॉमिस, नवी तीन पानं.

पुढच्या फेब्रुवारीत मी तोडणीच्या दिवसांत मामांकडे मुक्कामी होतो. रात्री दहाच्या सुमारास त्यांनी अ‍ॅप उघडलं. बटण दाबलं. पिवळं आलं. मामा फोन हातात धरून शेडच्या दारात उभे राहिले, मी त्यांच्या मागे, परीक्षेचा निकाल लागावा तसा. मिनिटभराने हिरवं झालं. मामांनी मान हलवली, अ‍ॅप बंद केलं, आणि गाडीवाल्याचा नंबर काढून एक मिस कॉल टाकला.

"मामा, आता कशाला? हिरवं आलं की."

"हिरवं म्हंजी गाडी ठरली," ते म्हणाले. तेवढ्यात त्यांचा फोन एकदा वाजून थांबला. "आन ह्यो म्हंजी ड्रायव्हर शुद्धीत हाय."

ही चौथी अवस्था आमच्या वहीत नाही. मी जिरावर तिचं तिकीट काढलंय. सध्या बॅकलॉगमध्ये आहे.